फुकटचा मध्यस्थ आणि त्याची बिदागी

गेल्या चैत्रांत आमचे एक जुने स्नेही आमच्याकडे आले, ते नेहमीप्रमाणें गप्पा मारावयास नव्हे, तर सल्ला विचारावयास. त्यांची कन्या चौतीस वर्षांची; सुशिक्षित, पुण्यास नोकरी करून स्वतंत्र बिऱ्हाड थाटून राहणारी. मागील आठ वर्षांत तिला 'पाहण्याचे' अकरा समारंभ झाले, आणि बाराव्याच्या वेळीं "आतां पोह्यांच्या बशा घेऊन मी बाहेर येणार नाहीं," असें तिनें शांतपणें सांगून टाकलें. त्यानंतर तिनें आपला मार्ग आपणच काढला. अनोळखी माणसांची ओळख करून देणारें आणि त्याबद्दल एक छदामही न घेणारें एक अॅप तिनें आपल्या मोबाईलवर घेतलें व त्यावर ती जोडीदार शोधूं लागली. ही गोष्ट तिनें वडिलांपासून लपविली नाहीं, हें तिला भूषणावह होय. "बाबा, याला एक पैसाही पडत नाहीं," असें ती म्हणाली. आमच्या स्नेह्यांस काळजी पडली ती नेमकी याच वाक्यानें. ते आम्हांस म्हणाले, "जेथें पैसा पडत नाहीं, तेथें माझ्या मुलीला दुसरें काय द्यावें लागत असेल, एवढें तुम्ही मला सांगा."

प्रश्न मार्मिक होता आणि त्याचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. नव्या वस्तूंशीं आमची ओळख बेताचीच. परंतु नवी वस्तु समोर आली म्हणजे तिचें कुळ शोधावें, ही आमची जुनी खोड आहे. आणि विचार करतां करतां आम्हांस असें वाटूं लागलें, कीं स्थळाचें कुळ पाहण्याची चाल मोडली तर मोडो, मध्यस्थाचें कुळ पाहिल्यावांचून मात्र कोणीं त्याच्या हातीं आपलें नांव देऊं नये. म्हणून फुकट ओळख करून देणाऱ्या मध्यस्थांचा इतिहास आम्हीं चाळला. त्यांत जें आढळलें तें आमच्या स्नेह्यांसारख्या इतर गृहस्थांस व त्यांच्या मुलामुलींसही उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें मांडीत आहों.

मध्यस्थाचा आपल्याकडील अत्यंत प्रसिद्ध दाखला विदर्भांतला आहे. निषधदेशाचा राजा नल आणि विदर्भराजाची कन्या दमयंती यांनीं एकमेकांस पाहिलेलें नव्हतें. त्यांचीं मनें जुळविलीं तीं एका सोनेरी पंखांच्या हंसानें. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळें हा हंस मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा झालेला आहे. दमयंतीच्या उद्यानांत तो उतरला, त्यानें नलाचे गुण गाइले, आणि तिच्याजवळ कांहींएक मागितलें नाहीं. पण हा दूत खरोखर फुकटचा होता काय? महाभारतांतील कथेप्रमाणें नलानें त्यास आधीं पकडलेलें होतें; आणि दमयंतीपाशीं तुझी वाखाणणी करीन, असें वचन देऊन त्यानें आपला जीव सोडवून घेतला होता. म्हणजे बिदागी ठरलेली होती, आगाऊ मिळालेली होती, आणि ती मोठी होती. देणारा दुसराच होता, एवढेंच. सुदैवानें नल खरोखरच गुणी निघाला. परंतु तो तसा नसता तरी हंसाला त्याची स्तुति करणें भागच होतें.

यावरून मध्यस्थाविषयीं दोन प्रश्न उत्पन्न होतात. त्याचें पोट कोण भरतो हा पहिला, आणि तें केव्हां भरतें हा दुसरा. काम झाल्यावर, काम होण्यापूर्वीं, कीं काम लांबत राहिल्यानें? आमच्या मतें या धंद्याचा सगळा इतिहास या तीन तऱ्हांत सामावलेला आहे, आणि प्रत्येक तऱ्हेचा दोष वेगळा आहे.

प्रथम इंग्लंडाकडे वळूं. कारण अनोळखी माणसांची ओळख छापील कागदावरून करून देण्याचा माग तेथें बराच मागें लागतो. १६९५ सालच्या जुलै महिन्यांत लंडन येथें, जॉन हॉटन नांवाचा औषधविक्रेता शेती व व्यापार यांस वाहिलेलें जें पत्र चालवीत असे, त्यांत एक जाहिरात छापली गेली. तीस वर्षांच्या एका गृहस्थास सुमारें ३,००० पौंडांची धनीण असलेली तरुण वधू पाहिजे होती. आपली स्वतःची इस्टेट फार चांगली आहे, असें तो सांगत होता. तो सांगत होता, एवढेंच. छापणारानें आपलें काम छापण्यापुरतेंच ठेविलें होतें.

नवलाची गोष्ट अशी, कीं त्याच १६९५ सालीं हॉल विरुद्ध पॉटर या खटल्यांत इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेनें, लग्न जमवून दिल्याबद्दल बक्षिसी देण्याचा करार रद्दबातल ठरविला. त्यामागील तत्त्व सरळ होतें: ज्याला लग्न लागल्यावरच पैसा मिळावयाचा, तो लग्न लागण्याची काळजी करणार, तें सुखाचें होईल कीं नाहीं याची नव्हे. पुढें हिंदुस्थानांतील न्यायालयांनींही हेंच तत्त्व उचललें. आपल्याकडे ज्यांनीं व्यवहारी मध्यस्थ पाहिले आहेत, त्यांस याची सत्यता पटवून द्यावयास नको. मुलाचें व्यसन 'कधींमधीं' एवढ्यावर येतें, मुलीचें वय दोन वर्षांनीं उतरतें, आणि अक्षता पडल्या कीं मध्यस्थ पुढच्या घरीं जातो. काम झाल्यावर पैसा घेणाऱ्याचा दोष घाई हा होय.

एकोणिसाव्या शतकांत हा धंदा वृत्तपत्रांच्या हातीं गेला. १८७० सालीं लंडन येथें 'मॅट्रिमोनियल न्यूज' हें केवळ विवाहेच्छूंच्या जाहिरातींस वाहिलेलें पत्र निघालें. जाहिरातीचे पैसे घेतले जातात ते आगाऊ. लग्न जमलें काय, मोडलें काय, छपाईचा हिशेब तेथेंच मिटतो. म्हणून वृत्तपत्रास घाईही नसते आणि काळजीही नसते. काम होण्यापूर्वीं पैसा घेणाऱ्याचा दोष बेपर्वाई हा होय. तथापि अशा पत्रांनीं एक मोठें काम केलें. नात्यागोत्यांतला मध्यस्थ ज्यांस कधींच स्थळ सुचवीत नाहीं, अशा माणसांस त्यांनीं दार उघडून दिलें. १९१५ सालीं आल्फ्रेड बॅरेट यानें काढलेलें 'लिंक' हें पत्र अशाच एकाकी माणसांचें होतें. त्यांतून जशा स्त्रीपुरुषांच्या ओळखी होत, तशा पुरुषांच्या पुरुषांशींही होत. हें उघडकीस येतांच खटला झाला, आणि १९२१ सालीं बॅरेटला दोन वर्षांची सक्तमजुरी भोगावी लागली. समाज ज्यांचे संबंध जुळवीत नाहीं, त्यांची ओळख करून देणाऱ्यासही तो क्षमा करीत नाहीं, असें या प्रकरणावरून दिसतें.

यंत्र आलें तें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १९६४ सालीं जोन बॉल या बाईंनीं लंडन येथें गणकयंत्राच्या साह्यानें जोडे जुळविण्यास प्रारंभ केला; आणि १९६५ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड येथील जेफ टार व वॉन मॉरिल या विद्यार्थ्यांनीं 'ऑपरेशन मॅच' नांवाचा उद्योग काढला. तीन डॉलर व भरलेली प्रश्नावली पाठवावी, आणि यंत्रानें निवडलेल्या नांवांची यादी परत यावी, अशी ती योजना होती. यंत्राच्या निवडीस शास्त्राचें तेज चढतें खरें; परंतु प्रश्नावली भरणारा जेवढें सांगेल तेवढेंच यंत्र जाणतें. हॉटनच्या जाहिरातींतील गृहस्थाप्रमाणें येथेंही मनुष्य स्वतःविषयीं जें सांगे तेंच खरें धरावें लागे.

'फुकट' या शब्दाचा खरा खेळ मात्र फ्रान्सांत सुरू झाला. तेथील टपाल व दूरध्वनि खात्यानें १९८० नंतरच्या दशकांत 'मिनिटेल' नांवाचें छोटें पडदायंत्र दूरध्वनीच्या ग्राहकांस विनामूल्य वाटलें. दूरध्वनीची जाडजूड छापील सूची पुरविण्याची दगदग वांचावी, हा त्यांतील एक हेतु होता. यंत्र फुकट होतें. पण त्यावरून होणाऱ्या संभाषणाचें शुल्क मिनिटांच्या हिशेबानें दूरध्वनीच्या बिलांत लागून येई. लौकरच लोक त्यावर अनोळखी व्यक्तींशीं रात्र रात्र बोलूं लागले. मिनिटांवर पैसा मिळतो म्हटल्यावर चालकांनीं काय करावें? संभाषण लांबावें म्हणून त्यांपैकीं कित्येकांनीं पगारी माणसें बसविलीं. आणि पडद्यावर जी तरुणी गोड बोलत असे, ती पुष्कळदां पलीकडे बसलेला एखादा पुरुष असे. काम लांबल्यानें ज्याचें पोट भरतें, तो काम लांबवितो, हा तिसऱ्या तऱ्हेचा दोष येथें उघड झाला. मिनिटेल २०१२ सालच्या जूनअखेर बंद पडलें; त्यानें दिलेला धडा मात्र जुना झालेला नाहीं.

इंटरनेट आल्यावर या तिसऱ्या तऱ्हेस ऊत आला. १९९५ सालीं गॅरी क्रेमेन यानें अमेरिकेंत 'मॅच डॉट कॉम' सुरू केलें. प्रारंभीं तेथें पैसा पडत नसे, कारण रिकाम्या मंडपांत कोणी पाऊल टाकीत नाहीं. गर्दी जमल्यावर वर्गणी आली. आधीं फुकट आणि मग वर्गणी, हा कित्ता पुढें अनेकांनीं गिरविला. वर्गणीची गंमत अशी, कीं ग्राहकास जोडीदार मिळाला कीं ती बंद पडते. ज्या धंद्यांत काम फत्ते होतांच दोन ग्राहक एकदम निघून जातात, त्या धंद्याच्या चालकाच्या मनांत कोणता झगडा चालत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

वर्गणी नको असणारांसाठीं २००३ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें मार्कुस फ्रिंड नांवाच्या तरुणानें 'प्लेंटी ऑफ फिश' हें संकेतस्थळ काढलें. संगणकाची एक नवी विद्या शिकण्यासाठीं म्हणून त्यानें तें बनविलें आणि कित्येक वर्षें जवळजवळ एकट्यानें घरूनच चालविलें. येणाऱ्यास पैसा पडत नसे. पैसा देत ते जाहिरातदार. पुढच्याच वर्षीं, २००४ सालीं, हार्वर्ड येथें गणित शिकलेल्या चार मित्रांनीं 'ओकेक्युपिड' काढलें. तेंही फुकट व जाहिरातींवर चालणारें. तेथें शेंकडों प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं, दुसऱ्यानें कोणतें उत्तर दिलेलें आपल्याला चालेल तेंही सांगावें, आणि यंत्रानें दोघांचें जुळणें टक्केवारींत मांडावें. छत्तीस गुणांच्या आपल्या जुन्या कोष्टकास हें नवें भावंड मिळालें म्हणावयाचें.

या चौघांनीं २०१० सालीं एक लेख प्रसिद्ध केला. ओळखीच्या संकेतस्थळास कधींही पैसे देऊं नयेत, असा त्याचा आशय होता, आणि त्याच्या समर्थनार्थ त्यांनीं आंकडेमोड दिली होती. वर्गणीच्या स्थळांवर दिसणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण वर्गणी न भरलेले, म्हणून उत्तर देण्यास असमर्थ असतात. अर्थात् आपण पैसे मोजून पत्र पाठवावें तें बंद दारावर आपटावें, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षीं, म्हणजे २०११ च्या फेब्रुवारींत, 'मॅच'च्या मालकांनीं 'ओकेक्युपिड' सुमारें ५ कोटि डॉलरांस विकत घेतलें. तेव्हां तो लेख संकेतस्थळावरून नाहींसा झाला. मुद्दा खोटा ठरला नव्हता. मालक बदलला होता. या सर्व इतिहासांत याहून बोलकी घटना आम्हांस आढळली नाहीं. २०१५ सालीं 'प्लेंटी ऑफ फिश'ही त्याच घराण्यानें ५७.५ कोटि डॉलरांस घेतलें.

टक्केवारीचेंही असेंच. २०१४ सालीं 'ओकेक्युपिड'च्या संस्थापकांपैकीं क्रिश्चन रडर यानें उघडपणें कबूल केलें, कीं ज्यांचें जुळणें यंत्राच्या हिशेबानें केवळ ३० टक्के होतें, अशा कांहीं जणांस आपण तें ९० टक्के आहे असें प्रयोग म्हणून सांगितलें. तसें सांगितल्यावर त्यांच्यांतील संभाषण वाढलें. यावरून मानवी स्वभावावर प्रकाश पडतो खरा. पण ज्यांच्यावर तो पाडला गेला, त्यांस आधीं कोणीं विचारलें नव्हतें.

२०१२ सालीं 'टिंडर' आलें. चेहरा पाहावा, आवडल्यास बोट उजवीकडे सारावें, नावडल्यास डावीकडे. याहून सोपें काय असावयाचें? प्रवेश फुकट होता. २०१५ सालीं सशुल्क सवलती आल्या, आणि अमेरिकेंत तीस वर्षांवरील माणसांस त्याच वस्तूची किंमत तरुणांहून अधिक लावण्यांत आली. २०१८ सालीं कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानें हा वयावरून केलेला भेद कायद्यास धरून नाहीं, असें ठरविलें. आमच्या स्नेह्यांची कन्या चौतीस वर्षांची आहे, म्हणून हें आम्हीं मुद्दाम नमूद करीत आहों. फुकट्या दुकानांतही गिऱ्हाइकाची गरज किती निकडीची आहे हें मापलें जातें. 'टिंडर'ही त्याच घराण्याचें अपत्य होय, आणि २०१९ पर्यंत 'हिंज'ही त्याच घरांत आलें. पाट्या पांच, गल्ला एक.

२०१९ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें या घराण्यावर फिर्याद केली. तींतील एक आरोप असा होता, कीं जीं खातीं लबाडांचीं असावीं असा कंपनीसच संशय होता, त्यांच्या पत्रांच्या वर्दी देऊन वर्गणी न भरलेल्या लोकांस वर्गणीचा मोह घातला गेला. कंपनीनें आरोप नाकारले, न्यायालयानें हा आरोप पुढें चालूं दिला नाहीं, आणि उरलेल्या तक्रारी २०२५ सालीं १ कोटि ४० लक्ष डॉलर भरून मिटविण्यांत आल्या.

आतां आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे सरळ येऊं. पैसा नाहीं तर दुसरें काय द्यावें लागतें? याचें उत्तर नॉर्वेंत मिळतें. 'ग्राइंडर' हें समलिंगी पुरुष प्रामुख्यानें वापरीत असलेलें अॅप २००९ सालीं निघालें. त्याची फुकट आवृत्ति वापरणाऱ्यांची माहिती, म्हणजे ते कोठें आहेत, त्यांचें वय काय, इतकेंच नव्हे तर ते हें अॅप वापरतात ही गोष्टसुद्धां, त्यांची योग्य संमति न घेतां जाहिरातदारांकडे गेली, असा ठपका ठेवून नॉर्वेच्या माहितीसंरक्षण खात्यानें २०२१ सालीं त्यास ६.५ कोटि क्रोनर दंड केला. ज्या देशांत असा कल उघड होणें जिवावर बेतूं शकतें, तेथील माणसास या माहितीची किंमत कोणत्या नाण्यांत मोजून सांगावी? फुकटच्या मध्यस्थास आपण देतों तीं तीन द्रव्यें आहेत: आपला वेळ, आपली आशा आणि आपलें गुपित.

इतकें सांगितल्यावर, मग मुलीनें तें अॅप टाकून द्यावें काय, असें आमचे स्नेही विचारतील. आमचें मत तसें नाहीं. जुनी व्यवस्था तरी फुकट कोठें होती? त्या अकरा समारंभांचा खर्च वडिलांनीं केला, पण किंमत मुलीनें दिली. आपल्या दिवाणखान्यांत बसून परक्यांनीं आपला रंग, उंची व पगार तोलावा, आणि मग आठ दिवसांनीं 'पत्रिका जुळत नाहीं' असा निरोप यावा, ही बिदागी लहान नव्हे. विधवा, घटस्फोटित, अपंग, पस्तिशी उलटलेले, यांच्या वांट्यास तर तेवढेंही येत नसे. आपल्याकडे समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा कलंक सर्वोच्च न्यायालयानें पुसला तो २०१८ सालच्या सप्टेंबरांत. त्या माणसांसाठीं कोणत्या मावशीनें स्थळ आणलें होतें? अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड व त्यांचे सहकारी यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, २०१७ सालीं जमलेल्या स्त्रीपुरुष जोडप्यांपैकीं सुमारें ३९ टक्क्यांची पहिली ओळख इंटरनेटवर झाली होती. मित्रांच्या मध्यस्थीचें पूर्वींचें स्थान त्यानें घेतलें. एवढा मोठा लोकसमूह केवळ मूर्खपणानें एका वाटेनें जात नसतो.

हिंदुस्थानांत ही वाट दोन फाट्यांनीं आली. १९९६-९७ च्या सुमारास अनुपम मित्तल यांनीं जें संकेतस्थळ काढलें तें पुढें 'शादी डॉट कॉम' या नांवानें प्रसिद्ध झालें, आणि मुरुगवेल जानकीरामन यांच्या 'भारतमॅट्रिमोनी'चा उगमही त्याच काळांतला. हीं विवाहमंडळें. येथें जात, पोटजात, पत्रिका हीं जुन्या घरचीं मापें यंत्रांत जशींच्या तशीं आलीं, आणि पुष्कळदां अर्ज भरणारे आईबापच असत. ओळखीचीं अॅप्स हा दुसरा फांटा. २०१६ च्या जूनमध्यें केंद्र सरकारनें विवाहमंडळांस सूचना दिल्या, कीं सभासदांची ओळख कागदपत्रांवरून पडताळावी, आणि आपलें स्थळ केवळ विवाहासाठीं आहे, इतर ओळखींसाठीं नाहीं, असें जाहीर करावें. ओळखीच्या अॅप्सना उद्देशून त्या सूचना नव्हत्या. म्हणजे जेथें मुलगी स्वतः निवड करते, नेमकी तेथेंच पडताळणी करण्याचें काम तिच्यावर येतें. तें तिनें कसें करावें, याविषयीं इतिहासावरून जें निघतें तें आतां थोडक्यांत सांगतों.

अॅप निवडतांना 'फुकट' या पाटीवर जाऊं नये; फुकट काय आहे तें पाहावें. नांव नोंदविणें फुकट आणि आलेलें पत्र वाचणें सशुल्क, तर तें फुकट नव्हे, आमिष होय. माणसें पाहणें, पत्र वाचणें आणि उत्तर देणें, हीं तिन्ही कामें विनामूल्य होत असतील तरच त्यास फुकट म्हणावें. नंतर आपल्या गांवांत व आपल्या वयाचीं माणसें तेथें आहेत कीं नाहींत तें पाहावें. मुंबईंत गजबजलेलें अॅप सांगलींत ओस असूं शकतें. एक धरून वर्षभर बसण्यापेक्षां दोन घेऊन महिनाभर पारखावीं, आणि मुदत आपण ठरवावी, कारण अॅप ती कधींच ठरविणार नाहीं. एकाही माणसाची प्रत्यक्ष गांठ पडण्यापूर्वीं सशुल्क सवलत घेऊं नये.

मागितलेली प्रत्येक परवानगी देणें बंधनकारक नसतें. मोबाईलमधील नांवांची यादी देऊं नये; आपण कोठें आहों हें अगदीं नेमकें कळूं देऊं नये. कचेरीची पाटी, घराचा दरवाजा, गाडीचा क्रमांक हीं छायाचित्रांत नसावीं. काम संपल्यावर मोबाईलवरून अॅप काढून टाकलें म्हणजे खातें मिटलें असें नव्हे. खातें आंत जाऊन मिटवावें लागतें, आणि वर्गणी चालू असल्यास तीही निराळी बंद करावी लागते. या एका अज्ञानामुळें पुष्कळांचीं छायाचित्रें मागें राहतात आणि पैसे कापले जातात.

माणूस पारखण्याविषयीं म्हणावें, तर पत्रव्यवहारावर फार दिवस राहूं नये. आधीं चेहरा दिसेल अशा रीतीनें फोनवर बोलावें. जो दर वेळीं सबब सांगतो त्याला निरोप द्यावा. पहिली भेट दिवसां, वर्दळीच्या जागीं, आपण निवडलेल्या ठिकाणीं व्हावी. एका ठराविक उपाहारगृहाचाच जो हट्ट धरतो, त्याच्याविषयीं शंका घ्यावी. भलतेंच बिल पुढें ठेवून पैसे उकळण्याचे प्रकार आपल्या शहरांत घडलेले आहेत. जातांना आपल्या वाहनानें जावें, आणि कोठें, कोणाला भेटतों तें एका विश्वासू माणसास सांगून जावें. पैशाचा विषय निघाला कीं ओळख संपली असें समजावें. परदेशांतून पाठविलेली भेट कस्टम्समध्यें अडकली, आई अकस्मात् इस्पितळांत गेली, गुंतवणुकीची एक अचूक युक्ति सांपडली, हीं सोंगें निराळीं, पण हात एकाच खिशांत जाणारा. २०२२ या एका वर्षांत अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे सुमारें ७०,००० लोकांनीं प्रेमाच्या नांवावर झालेल्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या, आणि त्यांचें सांगितलेलें नुकसान १३० कोटि डॉलर होतें. हे सर्व लोक अडाणी नव्हते. ते एकाकी होते. आपल्याकडे अशी आपत्ति ओढवल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें, आणि घरच्यांनीं 'तुला सांगितलें होतें' हें वाक्य त्या दिवशीं तरी गिळावें. लाजेनें गप्प बसणारा माणूस लबाडाचा सर्वांत मोठा आधार असतो.

दमयंतीची कथा हंसापाशीं संपत नाहीं. स्वयंवराच्या मंडपांत इंद्र, अग्नि, वरुण व यम हे चौघेही नलाचें रूप घेऊन बसले होते, आणि तिला एकसारखे पांच नल दिसले. हंस तेथें उपयोगी पडला नाहीं. तिनें आपल्या सत्याची शपथ घालून देवांस त्यांचीं लक्षणें प्रकट करावयास लाविलीं. तेव्हां चौघांच्या पापण्या हलत नव्हत्या, माळा कोमेजल्या नव्हत्या, अंगाला घाम किंवा धूळ नव्हती, पाय भूमीस टेंकत नव्हते. पांचव्याची सावली पडत होती, माळ सुकली होती, अंगावर घाम व धूळ होती. तिनें त्या पांचव्याच्या गळ्यांत वरमाला घातली. ओळख करून देणें हें मध्यस्थाचें काम, ओळखणें हें आपलें, आणि तें प्रत्यक्ष समोर उभें राहिल्यावांचून होत नाहीं. ज्याच्या छायाचित्रांत व बोलण्यांत कोठेंच धूळ नाहीं, तो बहुधा नल नसतो.

हें सर्व आम्हीं आमच्या स्नेह्यांस सांगितलें, व त्यांनीं तें मुलीस कळविलें. ती हंसून म्हणाली, "यांतलें बरेंचसें मी करतेंच. खातें मिटविण्याचें मात्र मला ठाऊक नव्हतें. आतां तुम्हींही एक करावें. मी कोणाला भेटावयास जाईन त्या दिवशीं दर दहा मिनिटांनीं फोन करूं नये. पण आपला फोन बंदही ठेवूं नये." आमच्या स्नेह्यांनीं तें मान्य केलें आहे. गेल्या रविवारीं ते आमच्याकडे आले तेव्हां चारपासून सहापर्यंत फोन त्यांच्या गुडघ्यावर होता. आणि तो वाजेपर्यंत त्यांनीं चहास हात लाविला नाहीं.